सातवी गाठ

१

“बसंतीबाई, खरं सांगा, बेबीआजीच्या पोटलीत धोतरा तुम्हीच भरला काय?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि शाल्मलीचे कान तापले. मागे रसवंतीच्या बाकड्यावर खुशी आणि अनघा एकमेकींना चिमटे काढत बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. “विचारलंस तर दोन गिलास रस. नाही विचारलंस तर दहावी होईपर्यंत तुले भित्री म्हणू,” खुशीनं बजावलं होतं. आता शाल्मली चिंचोळकरला भित्री म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं. दिवाळीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग गॅदरिंगच्या वादविवादात ऐनवेळी आजारी पडलेल्या मुलीच्या जागी तिला उभं केलं, ती सात मिनिटं बोलली, ढाल घेऊनच खाली उतरली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला ब्रेक राहिला नव्हता.

दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसंतीबाई सोमवार संध्याकाळपासून बसून होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पुढ्यात जडीबुटीचं गाठोडं. बोरी अरबच्या बाजारात वीस वर्षं हेच गाठोडं मांडून बसणारी ही तांड्यावरची बाई. काल लोकांनी तिचं दुकान उधळलं. कारण बेबीताई, म्हणजे शाल्मलीच्या आईची काकू, सोमवारी सकाळी उठल्याच नाहीत, त्यांना बेशुद्ध अवस्थेत इथं आणावं लागलं. त्यांच्या उशीखालून बसंतीबाईची झोपेची पोटली निघाली, आणि ती फोडली तर आतून धोतऱ्याचं बी सांडलं.

बसंतीबाईनं वर पाहिलं. चिडली नाही.

“आली एकदाची विचारणारी,” ती म्हणाली. “कालपासून शंभर लोकं थुंकून गेले. विचारलं कोणीच नाही. बस छोरी.”

शाल्मली बसली. पैजेत बसणं नव्हतं, पण बसली.

“माह्या पोटलीत तगर असते. तुमच्या अंगणातली पांढऱ्या फुलाची नाही, मुळीची. पहाडातून येते, मी नागपूरहून आणते. सोबत जटामांसी अन् वेखंड. उशीखाली ठेवाची, पोटात घालाची नाही. लेकराच्या पाळण्याले बांधतात, मयतीच्या घरात धुरी देतात. सासरी भांडाले जाणारी बाई तुकडा पदरात बांधून नेते, आवाज कापू नये म्हणून.”

“अन् धोतरा?”

“धोतरा खाल्लेला माणूस झोपते काय?” बसंतीबाईनं दोन्ही हात वर करून हवेतलं नसलेलं सूत ओढून दाखवलं. “हा असा करते. बडबडते, कपडे फाडते. डोळ्याच्या बाहुल्या ह्या एवढ्या होतात. तुही आजी काय करून राह्यली?”

“झोपली आहे. शांत.”

“मंग जा अन् तिचे डोळे पाह्य. धोतरा पोटलीत होता, पोटात नाही.” बसंतीबाईनं गाठोडं आवळलं. “तिले कायनं झोपवलं, हे शोध.”

रस कोणी प्यायला ते शाल्मलीला आठवत नाही. ती दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती.

२

बेबीआजीच्या खाटेजवळ सिस्टर टॉर्च घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी पापणी उचलली, उजेड टाकला. शाल्मलीनं मान इतकी पुढे घातली की सिस्टर म्हणाल्या, “तूच तपासते काय?”

बाहुली लहान होती. अगदी मोहरीएवढी.

“सिस्टर, धोतरा खाल्ला तर मोठी होते न?”

सिस्टरनी टॉर्च बंद केला. “रक्त नागपूरले गेलं आहे. आठ दिवस लागतात. तोवर मी काही बोलली नाही, तू काही ऐकलं नाही.”

आठ दिवस! आणि उद्या, बुधवारी चार वाजता, बोरीच्या बाजारओट्यावर गावकऱ्यांची बैठक होती. विषय एकच, बसंतीबाईला बाजारातून कायमचं उठवायचं. ठराव मांडणार होता घनश्याममामा, शाल्मलीचा सख्खा मामा, बेबीआजीचा पुतण्या आणि शेजारी. ठाण्यात तक्रारही त्यानंच दिली होती.

तेवढ्यात खाटेवरून खरखरीत आवाज आला. “पोरी, सोमवार उजाडला काय?”

“आजी! मंगळवार आहे. दुपारचे तीन वाजले.”

बेबीआजीनं डावा हात पुढे केला. ती डावखुरी, आणि त्या हाताचा अंगठा थ्रेशरमध्ये सापडून कायमचा वाकडा झालेला. त्याच वाकड्या अंगठ्यानं तिनं शाल्मलीचं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं.

“सोमवारी अकराले नोंदणी होती वं. बाजाराच्या कोपऱ्यावरचे दोन गुंठे बसंतीच्या नावानं करून देणार होती मी. तुहे आजोबा गेल्यावर वरीसभर माहा डोळा लागला नाही. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. तिच्या मुळीनं झोपली मी. ती वीस वर्षं उन्हात बसते, तिले सावली देणार होती.”

“हे कोणाकोणाले माहीत होतं?”

“सलीलले सांगितलं. घनश्यामले सांगितलं. दोघंही फुगले.” सलील म्हणजे आजीचा मुलगा, पुण्याला असतो, शनिवारीच आलेला.

“रविवारी झोपताना काय घेतलं तू?”

“सलीलनं दूध देलं. घनश्यामनं घरून मठ्ठा आणला. दोन्ही घेतलं, दोघंही आपलेच.” आजीचे डोळे पुन्हा जड व्हायला लागले. “भुरीले कोणी खाऊ घातलं काय? ते मांजर माही उशी सोडत नाही. रातभर लोळते तिच्यावर, पागल होते...”

आजी झोपली. या वेळी घोरतसुद्धा होती.

दूध की मठ्ठा? सलीलमामा की घनश्याममामा? बसंतीबाईचं नाव पुसायचं तर दुसरं नाव लिहावं लागणार होतं, आणि ते घरातलंच होतं.

३

संध्याकाळी घनश्याममामा घरी आला. नेहमीसारखाच आला, म्हणजे फाटकापासूनच ओरडत. “मंजू, चहा टाक! वामनराव, टीव्हीचा आवाज कमी करा, मी आलो.”

आई हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मामा आला की आई हसायचीच. लहानपणी शाळेत जाताना तिचं दप्तर तोच उचलायचा.

“काय वं फौजदारीण,” मामानं शाल्मलीची वेणी ओढली, “त्या जादूवालीजवळ बसली होतीस म्हणे? पूर्ण दारव्हा पाहून राह्यला.”

“विचारपूस केली.”

“विचाराचं काय त्यात? फोटो पाह्यला नाही काय ग्रुपवर?”

पाहिला होता. साऱ्या नातेवाइकांनी पाहिला होता. पोटली फोडण्याआधी पुरावा म्हणून मामानंच काढला होता, आणि खाली लिहिलं होतं, “सावधान! बसंतीबाईची सात गाठीची विषारी पोटली. पुढे पाठवा.” शाल्मलीनं आईचा फोन घेऊन तो मोठा करून पाहिला. लाल कापड, काळा दोरा, आणि दोऱ्यावर एकाखाली एक सात गाठी, प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या सरळ. सुबक काम होतं. तिला ते उगाचच खटकलं, पण काय खटकलं ते सापडेना.

“दमलेला दिसतोस,” बाबा मामाला म्हणाले.

मामाचे डोळे लाल होते. त्यानं जांभई दिली. “दोन राती झोप नाही, वामनराव. काकूची काळजी. त्यात आमच्या तिकडचे लोकं एकेक सांगतात. असली पोटली वाहत्या पाण्यात सोडली नाही तर म्हणे फेकणाऱ्याची झोप जाते. मी तर हसतो असल्या गोष्टीवर.” तो हसलाही. “अन् काकूची ती मांजर! आपल्या घरची सोडून माह्या स्कूटीवर येऊन बसते. नखानं सीट फाडली, फोम बाहेर काढला. हाकलली की पुन्हा हजर.”

“भूक लागली असेल तिले,” आई म्हणाली.

मामा गेला. सलीलमामा शाल्मलीच्या घरीच मुक्कामाला होता, दवाखाना जवळ म्हणून. तो आंघोळीला गेला, आणि शाल्मलीनं त्याची बॅग उचलून कोपऱ्यात ठेवायला घेतली. खरंच फक्त ठेवायला. पण चेन अर्धी उघडी होती, आणि आतून एक चंदेरी पाकीट घरंगळत तिच्या पायावर पडलं.

गोळ्यांचं पाकीट. अर्ध्याहून जास्त रिकामं. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं. झोपेच्या गोळ्या.

“ते खाली ठेव,” दारातून सलीलमामाचा आवाज आला.

४

ते गच्चीवर गेले. सूर्य बुडाला होता तरी फरशी पायाला चटके देत होती. सलीलमामा टाकीला टेकून उभा राहिला, डोकं ओलंच.

“मी नाही देल्या,” तो म्हणाला.

“मी कुठं काय विचारलं?”

“तुझा चेहराच विचारतोय.” पुण्याची भाषा आणि बोरीची भाषा त्याच्या तोंडात कायम भांडत असत. “रात्रपाळीनंतर झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्यात. अर्धी घेतो. येताना नवं पाकीट आणलं. सोमवारी पाहतो तर एवढ्या गोळ्या गायब.”

“मग डॉक्टरला काहून नाही सांगितलं?”

“काय सांगू? माझ्याच गोळ्या, माझ्याच हातचं दूध, अन् शनिवारी आईसोबत जागेवरून माझंच भांडण झालं. कोणी ऐकलं असतं?”

“आजी दोन दिवस झोपून होती, सलीलमामा! डॉक्टरला कळलं असतं तर उपचार सोपा झाला असता. तुम्ही स्वतःला वाचवत बसलात.”

त्यानं मान खाली घातली. पस्तीस वर्षांचा माणूस पंधरा वर्षांच्या पोरीसमोर. मग हळूच म्हणाला, “बरोबर आहे तुझं.”

“बॅग कुठं कुठं होती?”

“शनिवारी रात्री घनश्यामकडे. त्याच्याकडे कूलर आहे, आईकडे नाही. रविवारी आईकडे.”

म्हणजे पुन्हा दोघं! शाल्मलीला टाकीवर डोकं आपटावंसं वाटलं. गोळ्या दोघांच्या हाताशी. दूध एकाचं, मठ्ठा एकाचा. जागेवरून दोघंही फुगलेले. धोतरा तर बोरीच्या प्रत्येक उकिरड्यावर उगवतो. आणि तिसरीकडे कडुनिंबाखाली एक बाई बसलेली, जिच्याकडे उद्या चार वाजेपर्यंतच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती बसंतीबाईसमोर उभी होती. हातात आईचा फोन.

“हे पाहा. तुमची पोटली.”

बसंतीबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. बोटानं गाठी मोजल्या. आणि मग ती हसायला लागली. बांगड्या खुळखुळेपर्यंत हसली.

“छोरी, हे पोटली माही नाहीच.”

५

“सात गाठी आहेत न?” शाल्मलीनं विचारलं. “सगळेच म्हणतात, बसंतीबाईची सात गाठीची पोटली.”

“कोण म्हणतात? ज्याईनं कधी घेतली नाही ते म्हणतात.” बसंतीबाईनं गाठोड्यातून लाल कापडाचा तुकडा काढला. चिमूटभर मुळ्या घातल्या. वास आला आणि शाल्मलीनं नाक दाबलं. चार दिवस न धुतलेले मोजे!

“असाच असते. चांगली तगर असाच वास मारते.” तिनं काळा दोरा गुंडाळला. एकेक गाठ मारताना पोटली शाल्मलीच्या तोंडासमोर धरून म्हणायची, “फुंक.” शाल्मली फुंकर मारायची, गाठ बसायची. एक, दोन, तीन. सहाव्या गाठीला बसंतीबाई थांबली आणि पोटली तिच्या तळहातावर ठेवली.

“सहा माह्या. सातवी घेणाऱ्याची. घरी जाऊन, झोपाच्या वेळी, आपल्या हातानं बांधाची. मी सातवी बांधून देली तर मुळी सारं काम करन, माणूस काहीच करणार नाही. झोप कोणाची आहे? त्याची. मंग एक गाठ त्याची.”

“पण मग मंत्र कशात आहे? मुळीत की गाठीत?”

“तू परीक्षा पास होते ते पुस्तकानं की अभ्यासानं?” बसंतीबाई म्हणाली. “जा वं, कायले डोकं खाऊन राह्यली.”

शाल्मलीनं फोटो पुन्हा मोठा केला. आता तिला कळलं, काल काय खटकलं होतं. बेबीआजी डावखुरी. वाकडा अंगठा. तिला परकराची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही. तिनं बांधलेली गाठ या रांगेत अशी शहाण्यासारखी उभी राहणारच नाही. या साती गाठी एकाच हाताच्या होत्या. ज्यानं बांधल्या त्यानं बसंतीबाईसमोर बसून कधी पोटली घेतली नव्हती. फक्त लांबून हसला होता.

“म्हणजे कोणीतरी खरी काढून खोटी ठेवली. मग खरी कुठं आहे?”

“ते मले काय माहीत? पण बेबीताई मागच्या बाजारी माह्याशी भांडून गेली. म्हणे, तुह्या मुळीनं माही मांजर बिघडवली.” बसंतीबाईनं डोळे मिचकावले. “तगरीच्या वासानं मांजर पागल होते. लोळते, चाटते, नखं मारते. जिथं मुळी, तिथं मांजर. तिलेच विचार न.”

मांजर कुठं बसते, हे शाल्मलीला काल संध्याकाळीच कोणीतरी सांगितलं होतं. स्वतःहून. तक्रार करत.

तिला एकदम रडू आलं. दप्तर उचलणारा मामा.

६

दुपारी बाबांच्या जुन्या गाडीतून सगळे बोरीला गेले. मामानंच बोलावलं होतं, “बैठकीले घरचे लोकं दिसले पाह्यजेत.” बाबा पुढे, सलीलमामा बाजूला, मागे आई आणि शाल्मली. शाल्मली दारव्हा ते बोरी एक शब्द बोलली नाही. आईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मामाच्या अंगणात स्कूटी उभी होती. सीटवर भुरी. राखाडी, जाडजूड, चार पाय आभाळाकडे. ती लोळत होती, फाटलेला फोम चाटत होती, मध्येच सीटच्या फटीत नाक खुपसत होती.

“पाह्यलं?” मामा बाहेर आला. “हाड! हाड!”

“कुत्र्याले हाड म्हणतात, मामा,” शाल्मली म्हणाली. आवाज कापत होता. तिनं ओढणीच्या टोकाला बांधलेली सहा गाठींची पोटली मुठीत घट्ट धरली. “डिकी उघडा.”

“कायले?”

“मांजर कशासाठी वेडी झाली ते पाहू.”

“पागल झाली काय? बैठक आहे अर्ध्या तासात.” चावी मामाच्या गळ्यातल्या गोफाला लटकत होती. त्याचा हात चावीवर गेला आणि तिथंच राहिला.

“उघड न दादा,” आई हसत म्हणाली. “तिचं तोंड तरी बंद होईल.” आणि भावाबद्दल जराही शंका नसलेल्या आईनं पुढे होऊन त्याच्या गळ्यातली चावी काढली, कुलपाला लावली, सीट उचलली.

रेनकोट. पुसायचं फडकं. आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लाल पोटली. भुरीनं डिकीत उडीच मारली.

शाल्मलीनं मांजरीच्या पंज्यांतून पोटली सोडवली. सहा गाठी एका रांगेत. आणि सातवी? सातवी फेंगडी, उलट्या पिळाची, गांडुळानं वेटोळं घालावं तशी. बेबीआजीच्या वाकड्या अंगठ्याची.

“कोणी टाकली ही इथं?” मामा ओरडला. “सलील, तू! तुह्याच गोळ्या...”

तो थांबला. पण उशीर झाला होता.

“गोळ्यांचं तुम्हाले कोणी सांगितलं, मामा?” शाल्मलीनं विचारलं. “मला काल रात्री कळलं, अन् मी फक्त सलीलमामाशी बोलली. तुम्हाले कसं माहीत की गोळ्या होत्या? सारं गाव तर धोतरा म्हणते.”

मामा दोन पावलं मागे सरला, शाल्मली पुढे झाली.

“शनिवारी बॅग तुमच्याकडे होती. रविवारी मठ्ठा तुम्ही आणला. सोमवारी उशीखाली हात तुम्ही घातला, फोटो तुम्ही काढला. आजी अकरा वाजेपर्यंत झोपून राहिली की नोंदणी हुकणार, अन् दोष बसंतीबाईवर गेला की आजी तिला जागा कधीच देणार नाही. एका दगडात तुम्ही दोन पक्षी मारले. सलीलमामानं केलं असतं तर त्यानं खरी पोटली दवाखान्याच्या कचऱ्यात टाकली असती अन् विसरला असता. तुम्हाले टाकता आली नाही.”

“काहून नाही येणार?” मामाचा आवाज बारीक झाला होता.

“कारण एप्रिल आहे. नाला कोरडा, अडाण नदी कोरडी. वाहतं पाणी कुठंच नाही. तुम्ही लोकांसमोर हसता, पण फेकणाऱ्याची झोप जाते याची तुम्हाले भीती वाटली. म्हणून पाऊस येईपर्यंत डिकीत ठेवली.” तिनं मामाच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. “झोप तशीही गेलीच न?”

घनश्याममामा ओट्यावर मटकन बसला. “एका दिवसाचाच विचार होता वं,” तो म्हणाला. “अकरा-बारापर्यंत झोपन, बस. तो कोपरा आमच्या घराण्याचा आहे. तांड्यावरच्या बाईच्या नावानं? मले वाटलं नव्हतं दोन दिवस...”

आईनं तोंडावर पदर दाबला.

७

बाहेर बाजारओट्यावर लाउडस्पीकर खरखरायला लागला. “हॅलो, हॅलो. सर्व गावकऱ्यांना कळविण्यात येते...”

सलीलमामा फाटकाजवळ पाठ करून उभा राहिला. बाबांनी घसा साफ केला. तहसीलमध्ये वीस वर्षं बाबूगिरी केलेल्या माणसाचा तो घसा साफ करणं शाल्मलीला चांगलं ओळखीचं होतं. आता काहीतरी मिटवामिटवीचं येणार.

“हे पाहा. काकू शुद्धीवर आल्या आहेत, देवाची कृपा. घनश्याम, तू ठराव मागे घे. सांग, गैरसमज झाला. ठाण्यातली तक्रार हळूहळू थंडी होईल. शाल्मली, ती पोटली माझ्याकडे दे.”

“अन् बसंतीबाई?”

“तिले बसू देऊ न बाजारात.”

“विषारी म्हणून? गैरसमज झाला म्हणाल तर लोकं म्हणतील, घरच्यांनी दया केली. तो फोटो अजून फिरून राह्यला, बाबा. तिच्याकडून लेकराच्या पाळण्याले मुळी कोण नेईल आता?”

“मामा आहे तो तुझा,” आई म्हणाली. रडत नव्हती, आणि तेच जास्त कठीण होतं. “माझा एकुलता एक भाऊ आहे. त्याले पोलिसात देशील?”

“लहान पोरीचं ऐकणार कोण तिथं?” ओट्यावरून मामा पुटपुटला.

शाल्मलीनं ओढणीच्या टोकाची पोटली सोडली. सकाळी बसंतीबाईनं दिलेली, सहा गाठींची. तिनं दोऱ्याची दोन टोकं धरली. आईनं पाहिलं, बाबांनी पाहिलं. तिनं फुंकर मारली आणि सातवी गाठ आपल्या हातानं बांधली. फार काही सुबक बसली नाही. पण बसली.

मग ती आईजवळ गेली. “आई, आजी मेली असती तर मामा कोणाचं नाव सांगणार होता? तेच, जे आता सांगून राह्यला. त्या बाईचा पण कोणी भाऊ असेल न.”

आईनं हातातली स्कूटीची चावी ओट्यावर ठेवली, मामापासून लांब.

शाल्मलीनं बेबीआजीची पोटली उजव्या मुठीत घेतली, स्वतःची डाव्या, आणि फाटक उघडलं. भुरी लगेच शेपूट उभारून तिच्या मागे निघाली.

“बाबा, आई, मी ठरवलं आहे,” ती म्हणाली, आणि आवाज कापला नाही. “मी बाजारओट्यावर जाऊन राह्यली. माईकवर सांगणार आहे, ह्या दोन्ही पोटल्या दाखवून, मामाच्या नावासकट. मग ठाण्यात जाऊन जबाब लिहून देईन, माझ्या सहीनं. तुम्ही येत असाल तर गाडीनं जाऊ. नसाल येत तर दारव्ह्याची जीप साडेपाचला आहे.”